तिजोरीकडे बोट दाखवलंच पाहिजे

रायगड जिल्ह्यातल्या कर्जत-खालापूरच्या आदिवासी वाड्यांवर काम करणाऱ्या संस्थांना एक सल्ला वरचेवर ऐकायला मिळतो. सल्ला देणारी माणसं वाईट नसतात. कोणी वह्या-दप्तरं वाटलेली असतात, कोणी एखाद्या वाडीला बोअरवेल मारून दिलेली असते. त्यांचं म्हणणं असं : तुम्ही सेवा करा, समाज तुम्हाला हात देईल, पण मोर्चे, निवेदनं, जनसुनावण्या, अर्थसंकल्पात अमुक तरतूद करा म्हणून आमदारांच्या मागे लागणं, हे काही तुमचं काम नव्हे. सरकारकडे पैसा आहे, तो खर्च होत नाही, हे खरं दुखणं. उरलेली गरज कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी, म्हणजे सीएसआर, भागवील. शिवाय सरकारी पैशाने लोकांना फुकटची सवय लागते, आणि मागणाऱ्या संस्थांचा डोळा शेवटी स्वतःच्या अनुदानावर असतो.

यातला एकेक मुद्दा ऐकताना पटण्यासारखा वाटतो, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सरकारने पोषण, आरोग्य आणि निवारा यांवर पुरेसा, वेळेवर आणि दरवर्षी खर्च करावा म्हणून भांडणं हा संस्थेच्या सेवेचाच भाग आहे. तो सोडला, तर उरलेली सेवा कितीही मनापासून केली तरी पुढच्या पावसाळ्यात त्याच वाडीत, त्याच उंबऱ्यावर, तीच गरज पुन्हा उभी असते.

सेवा आणि मागणी यांची फारकत या मातीतल्या थोर माणसांनी कधी केली नाही. माथेरानचे भाई कोतवाल वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. कर्जत भागातल्या गावांत त्यांनी शाळा काढल्या. अडल्या वेळी शेतकऱ्याला सावकाराच्या दारात उभं राहावं लागू नये म्हणून धान्य कोठी सुरू केली. तेच भाई 1942 साली आझाद दस्ता ही भूमिगत तुकडी घेऊन डोंगरात गेले आणि 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर हुतात्मा झाले. कोठी भरणं आणि सत्तेला जाब विचारणं ही त्यांच्या लेखी एकाच कामाची दोन टोकं होती. पुढे कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सने याच टापूत आदिवासींच्या धान्य बँका उभ्या केल्या. 1996-97 मध्ये केंद्र सरकारनेही आदिवासी गावांसाठी धान्य बँकांची योजना आणली. लोकांनी करून दाखवायचं आणि सरकारने ते सर्वदूर न्यायचं, हा मार्ग आपल्याकडे मळलेला आहे.

महाराष्ट्राच्या दोन मोठ्या कामांकडे पाहा. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून 1965 साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग झाला. 1972च्या दुष्काळाने त्याची गरज साऱ्या राज्याला पटवली, आणि 1977चा रोजगार हमी कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. त्यासाठी राज्याने व्यवसाय कर बसवला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून खेड्यातल्या मजुराची मजुरी उभी राहिली. दुसरं काम गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने 39 गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत बसवली, बालमृत्यू कसे खाली आले ते 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं आणि मग ती पद्धत सरकारने उचलावी म्हणून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. 2011 पासून देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन आणि तापमान पाहतात, ते त्या पाठपुराव्याचंही फळ आहे. त्या 39 गावांपुरतीच सेवा करून ‘सर्च’ थांबली असती, तर कर्जतमधल्या खांडसच्या डोंगराखालच्या वाडीतल्या बाळाला तिचा काय उपयोग होता?

आता जवळचं उदाहरण घेऊ. ग्राम बाल विकास केंद्र म्हणजे अंगणवाडीतच चालणारं, अतिकुपोषित मुलांना पुन्हा अंग धरायला लावणारं केंद्र. अंगणवाडीताई मुलाच्या दंडाभोवती रंगीत पट्टी गुंडाळते. घेर 11.5 सेंटिमीटरच्या खाली आला की पट्टी लाल दाखवते. मग वजन, उंची आणि भूक चाचणी : समोर ठेवलेलं खाणं मूल आवडीने खातं का, की तोंड फिरवतं. तोंड फिरवलं, अंगावर सूज दिसली किंवा ताप असला तर मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात हलवावं लागतं. बाकीच्यांना महिनाभर दिवसातून अनेकदा, थोडं थोडं, तेला-तुपाचं, दाटसर खायला घालायचं. अशा मुलाचं पोट लहान असतं. एका वेळी भरपूर वाढून भागत नाही. आई लावणीला किंवा मोळी विकायला गेलेली, थोरली बहीण सात वर्षांची. अशा घरात दर दोन-तीन तासांनी घास भरवणार कोण? तेवढ्यासाठी केंद्र लागतं, मदतनीस लागते, गॅस लागतो, औषधं लागतात. या प्रत्येक गोष्टीला पैसा लागतो, आणि तो महिनाभर अखंड लागतो. पंधराव्या दिवशी खाणं संपलं, तर आधीचे चौदा दिवसही वाया जातात.

2015च्या सुमारास निधीअभावी राज्यात ही केंद्रं बंद पडली. त्याच वर्षी केंद्र सरकारच्या अर्थसंकल्पात एकात्मिक बाल विकास योजनेची तरतूद सुमारे 18 हजार कोटींवरून सुमारे 8 हजार कोटींपर्यंत खाली आणली होती. राज्यांना करांतला वाटा वाढवून दिला आहे, आता त्यांनी पाहावं, असा त्यामागचा युक्तिवाद. देशभर ओरड झाली, तेव्हा त्याच वर्षात पुरवणी मागणीतून ती रक्कम बरीचशी भरून काढावी लागली. 2016 साली पालघरच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला आणि बंद पडलेली केंद्रं पुन्हा सुरू करण्याची मागणी सगळीकडून उठली. कर्जतमध्येही दिशा केंद्रासारख्या संस्थांनी वाड्यांवरच्या कुपोषित मुलांचा प्रश्न सातत्याने लावून धरला. केंद्रं पुन्हा सुरू झाली. ओरड झाली नसती तर झाली असती का? ‘मागण्या करू नका’ म्हणणाऱ्यांनी या प्रश्नाचं सरळ उत्तर द्यावं.

पुढचा आक्षेप : पैसा आहे, खर्च होत नाही. निम्मं खरं आहे. अखर्चित निधी परत जातो, दरवर्षी जातो. पण तो का परत जातो, हे पाहायला कर्जत-खालापूरसारखी जागा नाही.

सरकारचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, कातकऱ्याचं वर्ष पावसाने. पहिल्या पावसाला कुटुंबं वाडीवर परततात. आवणीचे दिवस मजुरीत जातात. श्रावण-भाद्रपदात हाताला काम नसतं, घरातलं धान्य संपत आलेलं असतं आणि मुलं सगळ्यांत जास्त आजारी पडतात ती याच दिवसांत. नेमक्या त्याच महिन्यांत नव्या वर्षाचे निधी मंजुरी, वितरण आणि वर्ग होण्याच्या फेऱ्यांत असतात. दिवाळी झाली की वीटभट्टीचा मुकादम उचल घेऊन वाडीवर येतो. घरं रिकामी होतात आणि मुलं आईबापांबरोबर दुसऱ्या तालुक्यातल्या, दुसऱ्या जिल्ह्यातल्या भट्टीवर जातात. इकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये खर्चाची घाई सुरू होते, तेव्हा अंगणवाडीच्या पटावर नावं असतात आणि वाडीत मुलं नसतात. पैसा आला तेव्हा माणूस नव्हता, माणूस होता तेव्हा पैसा नव्हता. ‘निधी अखर्चित राहिला’ या एका ओळीमागे हे सगळं असतं. त्यावरून गरज नाही असा निष्कर्ष काढणं हा अन्याय आहे. यावर उपाय दोन : आषाढाच्या आधी पैसा पोहोचेल असं वेळापत्रक आणि स्थलांतरित मुलाच्या मागोमाग भट्टीवर जाणारी तरतूद. या दोन्हींची मागणी कोणीतरी करायची आहे. भट्टीवरून ती येणार नाही, कारण उचल घेतलेला माणूस मालकाच्या हिशेबात अडकलेला असतो. 1976चा वेठबिगारी निर्मूलन कायदा अस्तित्वात आहे, पण त्याचा आधार घ्यायलाही माणसाच्या बाजूने उभं राहणारं कोणी लागतं.

हीच गत बिलांची. अंगणवाडीचा गरम ताजा आहार पुष्कळ ठिकाणी बचत गटाच्या बाया शिजवतात. बिल महिनोन्‌महिने थकलं की त्या काय करतात? डाळ-तेलाची उधारी वाण्याच्या वहीत वाढत जाते. काही महिने गटाची अध्यक्ष स्वतःच्या शब्दावर माल उचलते. मग वाणी हात आखडतो, मग खिचडीतली डाळ पातळ होते. राज्याच्या तिजोरीचा विलंब अशा रीतीने गावातल्या सर्वांत गरीब बाईच्या नावावर कर्ज म्हणून चढतो. ‘खर्च होत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी ती वही एकदा उघडून पाहावी. खर्च झालेला असतो. तो सरकारने करायचा होता, बाईने केलेला असतो.

या दोन तालुक्यांची आणखी एक अडचण आहे. आदिवासींची एवढी वस्ती असूनही रायगड जिल्ह्याचा समावेश राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रात नाही. पलीकडे ठाणे-पालघरच्या अनुसूचित क्षेत्रात तिथल्या पंचायतींसाठीचा पेसा कायदा लागू आहे, तिथल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध निधी थेट मिळतो. रायगडच्या कातकरी किंवा ठाकर वाडीला तो मिळत नाही. तोच डोंगर, तीच जमात, तीच भूक. मधे जिल्ह्याची हद्द. वाडीतल्या माणसाला कामासाठी पेणचं प्रकल्प कार्यालय गाठायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि वर गाडीभाडं. नियमानेच ज्यांना वगळलं आहे, त्यांच्यासाठी नियम बदलून मागणं याला दुसरा पर्याय कोणता?

कंपन्यांचा सीएसआर हा पर्याय सुचवला जातो. 2013च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची आहे. चांगली तरतूद आहे. खोपोली-पाताळगंगा पट्ट्यात कारखाने आहेत आणि त्यांच्या मदतीने काही शाळांना वर्गखोल्या मिळाल्या असतील, तर त्याबद्दल कृतज्ञता आहेच. पण कंपनी आपल्या निवडीचं गाव घेते, आपल्या निवडीचा विषय घेते, वर्षा-दोन वर्षांचा प्रकल्प करते आणि पुढच्या जिल्ह्यात जाते. तिला तो अधिकार आहे. सरकारला नाही. सर्वोच्च न्यायालयाने 13 डिसेंबर 2006च्या आदेशात सांगितलं, की जिथे सहा वर्षांखालची 40 मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे. वाडीतल्या आईला कोणत्याही देणगीदाराकडे अशी हक्काची मागणी करता येत नाही. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्यानेही पोषण आहाराला हक्काचं रूप दिलं. देणगी थांबली तर आपण आभार मानून गप्प बसतो; हक्काचा आहार थांबला तर दाद मागता येते. हा फरक ज्याला कळतो, तो देणगीदारसुद्धा आपल्या संस्थेला मागण्या करू नका असं सांगणार नाही.

देणगी बहुधा आपत्तीनंतर येते, हेही खालापूरने पाहिलं आहे. 19 जुलै 2023च्या रात्री चौकजवळच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह हाती लागले, 57 माणसं सापडलीच नाहीत, आणि 23 जुलैला शोधकार्य थांबवावं लागलं. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. जवानांना चिखलातून चढून जावं लागलं, जड यंत्रं वर नेता आली नाहीत. दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचं नाव नव्हतं, असं सरकारनेच सांगितलं. त्यानंतर मदतीचा ओघ लागला : ब्लँकेट, भांडी, किराणा. देणाऱ्यांच्या मनाविषयी शंका नाही. पण आधीच्या वर्षांत त्या वाडीला रस्ता, भूगर्भीय पाहणी, सुरक्षित जागेवर घरं यांची गरज होती. या गोष्टी कोणत्याही टेम्पोतून वाटता येत नाहीत. त्या सरकारी तरतुदीतूनच होतात, आणि दरड पडण्याच्या आधी व्हायच्या तर कोणीतरी आधी मागाव्या लागतात. आजही या दोन तालुक्यांत डोंगरउतारावर वाड्या आहेत. त्यांच्यासाठी मागणी करणाऱ्या कार्यकर्त्याला ‘राजकारण करू नको’ म्हणणाऱ्याने इर्शाळवाडीचा डोंगर आठवावा.

फुकटची सवय हा आक्षेप मला सर्वांत जास्त बोचतो. इर्शाळगडाच्या पायथ्याशी मोरबे धरण आहे. त्याचं पाणी नवी मुंबईच्या नळांना जातं. खालापुरातून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग गेला. कर्जतच्या नदीकाठांवर शहरातल्यांची शेतघरं आणि रिसॉर्ट उभे राहिले. तिथलं बांधकाम, साफसफाई, भात लावणं ही कामं आजूबाजूच्या वाड्यांतली माणसं करतात. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या रस्त्यांचा आणि धरणांचा लाभ आपण सगळे घेतो आणि त्याला कोणी फुकटेपणा म्हणत नाही. अंगणवाडीतल्या मुलाच्या पूरक आहाराचा दर 2017 साली दिवसाला 8 रुपये ठरला, गरोदर आणि स्तनदा मातेचा साडेनऊ, अतितीव्र कुपोषित मुलाचा 12. पुढे महागाई वाढत राहिली आणि हे दर वर्षानुवर्षं तिथेच राहिले. आठ रुपयांत कर्जत स्टेशनबाहेर वडापावही मिळत नाही. एवढ्या पैशात दोन-तीन वर्षांच्या पोराला आळशी होण्याची सवय लागते, असं ज्यांना वाटतं त्यांनी ते त्या मुलाच्या आईसमोर म्हणावं.

कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक. त्यांच्यासारख्या जमातींसाठी केंद्राने 15 नोव्हेंबर 2023 रोजी पीएम-जनमन योजना जाहीर केली, केंद्र आणि राज्य मिळून 24 हजार 104 कोटींची. पैसा आला, हे चांगलंच झालं. पण घरकुल मिळायचं तर जातीचा दाखला हवा, आधार हवं, बँकेत खातं हवं आणि घराखाली जागा हवी. कातकऱ्यांच्या कितीतरी वाड्या खासगी मालकाच्या किंवा वनखात्याच्या जमिनीवर पिढ्यानपिढ्या उभ्या आहेत. या वाड्यांच्या गावठाणाच्या लढ्यावर राजीव खेडकर आणि डॅनियल बकल्स यांनी 2013 साली पुस्तकही लिहिलं. म्हणून दाखल्यांसाठी वाडीवर बसून अर्ज भरणारा, तलाठ्याकडे चार खेपा घालणारा, भट्टीवर जाऊन अंगठा घेणारा माणूस लागतो. आज हे काम बहुतेक संस्थांचे कार्यकर्ते तुटपुंज्या मानधनावर करतात. त्या शेवटच्या टप्प्याचाही खर्च असतो आणि तो योजनेच्या पैशातूनच व्हायला हवा. ही मागणी मी उघडपणे करतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

इथेच शेवटचा आक्षेप येतो : संस्था स्वतःसाठी मागतात. हा धोका खरा आहे. अनुदानावर जगणारी संस्था अनुदान देणाऱ्या खात्याविरुद्ध बोलायला कचरते, आणि काही संस्था कागदावरच सेवा देतात, हे लोकांनी पाहिलं आहे. त्यावरचा इलाज मागणी बंद करणं हा नव्हे, हिशेब उघडा करणं हा आहे. जी संस्था एखाद्या सेवेवर देखरेख करते, तिने त्याच सेवेचं कंत्राट घेऊ नये. जी सरकारी पैसा घेते, तिने मिळालेली रक्कम, झालेला खर्च आणि लाभार्थींची संख्या ग्रामसभेत वाचून दाखवावी, वाडीच्या भाषेत. आरोग्य अभियानात महाराष्ट्राने 2007 पासून लोकाधारित देखरेखीचा प्रयोग केला. गावकऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्राला चांगलं, मध्यम, वाईट असे शेरे दिले आणि जनसुनावणीत अधिकाऱ्यांनी समोरासमोर उत्तरं दिली. तीच पट्टी संस्थांनाही लावा. सरकारकडे हिशेब मागणाऱ्याने आपला हिशेब आधी द्यावा, हे मला शंभर टक्के मान्य आहे.

म्हणून कर्जत-खालापूरच्या संस्थांना माझं सांगणं उलट आहे. मागा, आणि नेमकं मागा. जिल्हा वार्षिक योजनेत ग्राम बाल विकास केंद्रांसाठी स्वतंत्र तरतूद मागा, जी मे अखेर अंगणवाडीच्या हाती पडेल. आहाराचे दर महागाईशी बांधून मागा. बचत गटांची बिलं ठरलेल्या मुदतीत निघावीत आणि उशीर झाला तर व्याज मिळावं, असा नियम मागा. भट्टीवर गेलेल्या मुलाचा आहार आणि लसीकरण भट्टीच्या गावातल्या अंगणवाडीत मिळावं, आणि त्याचं नाव तिथे नोंदवून घेण्याची जबाबदारी मुलावर नव्हे, खात्यावर असावी, असा आदेश मागा. अनुसूचित क्षेत्राबाहेरच्या वाड्यांनाही लोकसंख्येप्रमाणे अबंध निधी मागा. डोंगरउतारावरच्या प्रत्येक वाडीची पाहणी आणि तिचा अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावून मागा. आणि हे सगळं वाडीतल्या बायाबाप्यांना पुढे ठेवून मागा, म्हणजे उद्या संस्था नसली तरी मागणारे हात शिल्लक राहतील.

देणगीदारांनाही एक विनंती. वह्या द्या, ब्लँकेट द्या, आभार आहेत. पण ज्या कार्यकर्त्याला तुम्ही पैसे देता, तो जिल्हा नियोजन समितीच्या दारात उभा राहिला तर त्याला मागे ओढू नका. शक्य असेल तर त्याच्या निवेदनावर तुमचीही सही करा. तुमच्या शब्दाला तिथे जे वजन आहे, ते वाडीतल्या आईच्या शब्दाला अजून मिळालेलं नाही; ते मिळेपर्यंत तुमचं वजन तिच्या पारड्यात टाका.